सर्व्हर किती मोठा लागेल? बेळगावच्या नव्या इंजिनिअरांसाठी पायरीपायरीने

उद्यमबागेत, टिळकवाडीत किंवा निपाणी-चिकोडीकडच्या एखाद्या लहान सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला लागलात की वर्षभराच्या आत हा प्रश्न तुमच्या टेबलावर येतोच: "सर्व्हर स्लो झालाय म्हणतायत. नवा घ्यायचा काय? आणि किती मोठा?" इंजिनिअरिंगला ऑपरेटिंग सिस्टिम असते, डेटाबेस असतो, पण या प्रश्नाचं उत्तर कसं काढायचं हे कुठल्या पेपरात येत नाही. मग बहुतेक ठिकाणी एकच उपाय होतो: सीपीयूचा आकडा बघायचा, रॅम दुप्पट करायची आणि पुढच्या महिनाअखेरीला फोन येऊ नये अशी प्रार्थना करायची.

मी हे काम बेळगावात बसून करतो. गिऱ्हाइकं म्हणजे पतसंस्था, ऊस वाहतुकीचा हिशेब ठेवणारे, दुकानांचं अकौंटिंग. बेंगळुरू-पुण्याच्या मोठ्या कंपन्यांतही पद्धत हीच असते, फक्त आकड्यांवर शून्यं जास्त. माझं मत असं की हे काम गिऱ्हाइकाच्या काउंटरवर सुरू होतं. टर्मिनल उघडायची वेळ बरीच नंतर येते. खालच्या पायऱ्यांचा क्रम म्हणूनच तसा लावलाय.

उदाहरण सगळीकडे एकच घेतो, आपल्याकडच्या सगळ्यांना माहीत असलेलं: पिग्मी. सिंडिकेट बँकेने १९२८ मध्ये सुरू केलेली ही दैनंदिन ठेव आज इथल्या जवळपास प्रत्येक पतसंस्थेत आहे. एजंट गल्लीगल्लीतून पैसे गोळा करतो, मोबाईलवर पावती करतो आणि नंतर शाखेत येऊन भरणा करतो. समजा तुमच्या कंपनीच्या एका सर्व्हरवर ४० पतसंस्था आहेत, प्रत्येकीचे २५ एजंट, आणि एक एजंट दिवसाला १२० पावत्या करतो. म्हणजे रोज १,२०,००० पावत्या. हे आकडे गणितासाठी धरलेले आहेत. तुमचे तुम्ही मोजा.

हाताशी काय लागेल

- वेब सर्व्हरचे ॲक्सेस लॉग, निदान एका महिनाअखेरीसकट. ३१ मार्चचे मिळाले तर सोनंच.
- सर्व्हरवर वाचण्यापुरता प्रवेश. रूट मागू नका, लागत नाही, आणि काही बिघडलं तर नाव तुमचं येतं.
- सिसस्टॅट हे सर्व्हरचा वापर मोजणारं पॅकेज (यातच सार, आयओस्टॅट, एमपीस्टॅट, पिडस्टॅट या कमांड येतात).
- एकाहून जास्त सर्व्हर असतील तर मोजमापं गोळा करणारं प्रोमिथियस आणि त्यांचे आलेख दाखवणारं ग्राफाना. एकाच मशीनसाठी सारसुद्धा पुरतं.
- लोड टेस्टसाठी जेमीटर किंवा के-सिक्स. दोन्ही फुकट आहेत.
- डेटाबेसची, नावं आणि आधार क्रमांक बदललेली, पूर्ण आकाराची प्रत.
- साधी स्प्रेडशीट.
- गिऱ्हाइकाकडचा एक माणूस, जो काउंटरवर बसतो. चेअरमन नको, क्लार्क हवा.

१. गिऱ्हाइकाच्या भाषेत मोजा

"तुमचे कन्करंट युजर किती?" असं पतसंस्थेच्या मॅनेजरला विचारलंत तर तो काहीतरी आकडा सांगेल, आणि तो आकडा कुठल्याच कामाचा नसेल. पिग्मीच्या पावत्या किती, कर्जाचे हप्ते किती, नवी खाती किती, दुपारी पासबुकं किती छापता, हे विचारा. साखर कारखान्याच्या वाहतुकीचं काम असेल तर गाड्या किती आणि काटा पावत्या किती. अकौंटिंगचं असेल तर बिलं किती.

हे एकक एकदा ठरलं की पुढचं सगळं त्यातच बोला. "सीपीयू ७० टक्के" हे वाक्य चेअरमन साहेबांना कळत नाही आणि कळायची गरजही नाही. "आणखी १० पतसंस्था घेतल्या तर सकाळी दहाला पावती अडकेल" हे लगेच कळतं.

चिकोडी, गोकाक, रायबागकडच्या शाखांत जाताना टीममधला कन्नड बोलणारा बरोबर न्या. मोडक्या कन्नडमध्ये विचारलेल्या प्रश्नाला तिथले क्लार्क सौजन्याने "हौदु" (हो) म्हणतात आणि तुम्ही ते उत्तर म्हणून लिहून घेता.

२. गर्दीची वेळ शोधा

१,२०,००० पावत्या भागिले दिवसाचे ८६,४०० सेकंद म्हणजे सेकंदाला दीड पावतीसुद्धा होत नाही. हा आकडा बघून कुणीही म्हणेल की जुना लॅपटॉपसुद्धा चालेल. आता क्लार्कला विचारा.

"एजंट लोक भरणा कधी करतात हो?"
"दहाला शटर वर गेलं की सगळे एकदमच येतात की. साडेदहापर्यंत उभं राहायला जागा नसते. मग दिवसभर निवांत."

आता लॉग काढा आणि दर मिनिटाला किती विनंत्या आल्या ते मोजा. ऑक, सॉर्ट आणि युनिक या तीन कमांड पुरतात. समजा दिसलं की ७० टक्के पावत्या दहा ते साडेदहा या अर्ध्या तासात येतात आणि त्यातल्या निम्म्या पहिल्या दहा मिनिटांत. म्हणजे ४२,००० पावत्या ६०० सेकंदांत, सेकंदाला ७०. दीड कुठे आणि सत्तर कुठे! सर्व्हर या सत्तरसाठी घ्यायचा असतो.

इथे हमखास फसवणाऱ्या गोष्टी:

सर्व्हरचं घड्याळ बहुतेक वेळा यूटीसीवर असतं, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. लॉगमध्ये पहाटे साडेचारला गर्दी दिसली तर ती आपली सकाळची दहाची आहे. बॅकअपवर संशय घेऊन अख्खा दिवस घालवणारे लोक मी पाहिलेत.

दुसरं, आलेली प्रत्येक विनंती म्हणजे नवी पावती असं नसतं. खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला, मोबाईलला रेंज कधी असते कधी नसते. पावत्या फोनमध्ये साठतात आणि एजंट गावात आला की धबधब्यासारख्या येतात. उत्तर वेळेत आलं नाही तर ॲप तीच पावती पुन्हा पाठवतं. म्हणजे सर्व्हर मंद झाला की काम वाढतं, आणि काम वाढलं की सर्व्हर आणखी मंद होतो. पावतीला फोनवरच एकमेव क्रमांक द्या, म्हणजे ती दोनदा जमा होणार नाही. आणि पुन्हा पाठवण्याआधी ॲपने दर वेळी आधीपेक्षा जास्त, शिवाय थोडं मागेपुढे थांबावं असं करा. सगळ्यांनी बरोबर तीस सेकंदांनीच पुन्हा प्रयत्न केला तर तीस सेकंदांनी तोच गोंधळ पुन्हा होतो.

तिसरं, वर्षाची गर्दी. पिग्मीला दिवाळीआधी पैसे काढायची झुंबड असते. व्याज आकारणी सप्टेंबरअखेर आणि मार्चअखेर. ऊस नियंत्रण आदेश १९६६ प्रमाणे उसाचं बिल १४ दिवसांत द्यायचं असतं. ते ज्या दिवशी खात्यावर पडतं त्या दिवशी कर्जवसुलीचे व्यवहार एकदम वाढतात. अकौंटिंगचं गिऱ्हाईक असेल तर महिन्याची ११ आणि २० तारीख, जीएसटीच्या विवरणपत्रांमुळे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर या तारखांना गोल करून ठेवा.

३. मोजमाप लावा, आणि जुन्या नोंदी पुसू देऊ नका

उबुंटूवर सिसस्टॅट टाकलं म्हणजे नोंदी सुरू झाल्याच असं समजू नका. सेवा चालू आहे का ते तपासा. सार साधारणपणे दर दहा मिनिटांची सरासरी लिहितं. आठ मिनिटं सीपीयू २० टक्के आणि दोन मिनिटं १०० टक्के असेल तर नोंद होते ३६ टक्के. त्या दोन मिनिटांत काउंटरवर काय झालं ते नोंदीत कुठेच नाही. म्हणून गर्दीच्या काळात दर मिनिटाची नोंद लावा.

नोंदी किती दिवस राहतात हेही बघा. उबुंटूच्या मूळ मांडणीत सारच्या नोंदी आठवडाभर राहतात, प्रोमिथियसच्या १५ दिवस. ३१ मार्चला काय झालं हे मे महिन्यात बघायला जाल तर हाती काही लागणार नाही. दोन्हीकडची मुदत निदान वर्षभराची करा. डिस्क त्या मानाने स्वस्त आहे.

कुठले आकडे बघायचे? ब्रेंडन ग्रेग या कार्यक्षमता-तज्ज्ञाची एक पद्धत मला सगळ्यात सोयीची वाटते: सीपीयू, मेमरी, डिस्क, नेटवर्क यातल्या प्रत्येकासाठी तीन प्रश्न. वापर किती? रांग किती? चुका किती? बहुतेक नवखे फक्त पहिला विचारतात. खरी गोष्ट दुसऱ्यात असते.

वाचताना गोंधळ उडवणारे आकडे:

लोड ॲव्हरेज. लिनक्समध्ये यात सीपीयूसाठी थांबलेल्यांबरोबर डिस्कसाठी अडकून बसलेल्या प्रक्रियाही मोजल्या जातात. लोड २० आहे आणि सीपीयू मोकळा, असं दिसलं तर डिस्ककडे बघा.

मोकळी मेमरी. "फ्री" हा रकाना जवळजवळ शून्य दिसतो आणि लोक घाबरून रॅम मागवतात. लिनक्स रिकामी मेमरी फाइलींच्या कॅशला वापरतं आणि लागली की सोडतं. बघायचा तो "अव्हेलेबल" हा रकाना, आणि व्हीएमस्टॅट या कमांडमध्ये स्वॅपची (मेमरी कमी पडली की डिस्कवर टाकलेल्या भागाची) ये-जा.

स्टील, म्हणजे चोरीला गेलेला सीपीयू. भाड्याच्या व्हर्च्युअल मशीनवर हा आकडा सतत वर असेल तर तुमच्या वाट्याचा सीपीयू शेजारी वापरतोय. कोड कितीही सुधारा, फरक पडणार नाही.

स्लो क्वेरी लॉग. मायएसक्यूएलमध्ये तो मुळात बंद असतो, आणि चालू केला तरी मूळ मर्यादा १० सेकंदांची. दहा सेकंद लागणारी क्वेरी असेल तर लॉगची गरजच नाही, फोन आधी येतो. मर्यादा अर्ध्या सेकंदावर आणा. पोस्टग्रेस असेल तर पीजी-स्टॅट-स्टेटमेंट्स हे एक्स्टेन्शन चालू करा. कुठली क्वेरी एकूण किती वेळ खाते ते तिथे दिसतं.

आणि प्रतिसादाच्या वेळेची सरासरी बघू नका. ९५ वा किंवा ९९ वा शतमक बघा, म्हणजे शंभरातल्या सगळ्यात मागे पडलेल्या पाच किंवा एका माणसाला किती थांबावं लागलं. तक्रार करायला तोच येतो. दोन सर्व्हरांच्या शतमकांची सरासरी काढणं हा मात्र शुद्ध गणिती गुन्हा आहे. मूळ नोंदी एकत्र करून पुन्हा काढा.

४. एका पावतीचा खर्च काढा

ही पायरी लहान आहे, पण अर्धे लोक ती गाळतात. दोन कोअरच्या मशीनवर एखाद्या क्षणी सीपीयू २८ टक्के आहे, म्हणजे ०.५६ कोअर कामात आहे. त्याच वेळी सेकंदाला २८ पावत्या येतायत. ०.५६ भागिले २८ म्हणजे एका पावतीला ०.०२ सेकंद, २० मिलिसेकंद सीपीयू. दिवसातल्या वेगवेगळ्या वेळांना असे बिंदू घ्या आणि स्प्रेडशीटमध्ये आलेख काढा. सरळ रेष आली तर छान. ती शून्य पावत्यांना जिथे अक्ष कापते तो मशीनचा आपला आपला खर्च, तो वजा करा. रेष वर वाकत गेली तर कुठेतरी कुलूप (लॉक: एक काम दुसऱ्याला थांबवून ठेवतं) लागतंय, आधी ते शोधा.

असंच डिस्कचं काढा, आणि साठवणीचं. इथे आपल्या भागाची एक खासियत आहे. नावं, पत्ते, पावतीवरचा मजकूर मराठीत आणि कन्नडमध्ये असतो, आणि यूटीएफ-८ मध्ये या दोन्ही लिप्यांचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. रोमन अक्षर एक बाइट. "बेळगाव" मध्ये सहा चिन्हं, म्हणजे १८ बाइट. इंग्रजी डेटा धरून कुणी साठवणीचा अंदाज दिला असेल तर मजकुराच्या रकान्यांपुरता तो तिप्पट चुकलेला असतो. समजा इंडेक्ससकट एका पावतीला २ केबी लागतात: रोज २४० एमबी, वर्षाचे ३०० कामाचे दिवस धरले तर ७२ जीबी. बॅकअपची जागा वेगळी.

एसएमएसचंही तेच. रोमन मजकुराला एका संदेशात १६० अक्षरं मिळतात, मराठी-कन्नडला ७०. त्यापेक्षा लांब झाला की तुकडे पडतात आणि तुकड्याला ६७ उरतात. ११० चिन्हांचा मराठी संदेश म्हणजे दोन एसएमएस. रोजच्या १,२०,००० पावत्यांना २,४०,००० एसएमएस. बिल आल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

५. रांगेचं गणित

हे गणित मूळ टेलिफोनचं. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एर्लांगने १९०९ मध्ये, फोनच्या गर्दीला संभाव्यतेचं गणित लावणारा आपला पहिला लेख छापला. त्यातला आपल्याला लागणारा भाग दोन सूत्रांत मावतो.

पहिलं लिटलचं सूत्र. जॉन लिटलने त्याची सिद्धता १९६१ मध्ये दिली. आत असलेली माणसं = येण्याचा वेग × आत राहण्याचा वेळ. सेकंदाला ७० पावत्या, प्रत्येकीला ०.३ सेकंद, तर कुठल्याही क्षणी २१ पावत्या आत. बस, एवढंच. पण याने काय काय सुटतं बघा.

इथल्या कितीतरी कंपन्यांचं सॉफ्टवेअर पीएचपीमध्ये आहे. पीएचपीच्या प्रक्रिया सांभाळणाऱ्या पीएचपी-एफपीएमच्या नमुना मांडणीत एका वेळी जास्तीत जास्त पाचच प्रक्रिया चालतात. पाच प्रक्रिया, प्रत्येक पावतीला ०.३ सेकंद, म्हणजे सेकंदाला जेमतेम १७ पावत्या बाहेर पडणार. हव्यात ७०. बाकीच्या दारात उभ्या. आणि सीपीयू? १७ × ०.०२, म्हणजे ०.३४ कोअर, दोन कोअरच्या मशीनवर १७ टक्के. मॅनेजर म्हणतो सर्व्हर बंद पडलाय, तुम्ही बघता तर सर्व्हर झोपलेला. अशा वेळी चार पट मोठं मशीन घेतलं तरी सेकंदाला १७ च पावत्या निघतील.

आता विचारा, २० मिलिसेकंदांचं काम आणि ३०० मिलिसेकंद का लागतात? बऱ्याचदा उत्तर असतं: पावती जमा करतानाच एसएमएस गेटवेला हाक मारलेली असते आणि त्याच्या उत्तराची वाट बघत प्रक्रिया बसून राहते. त्यात २०० गेले असतील तर एसएमएस रांगेत टाका आणि मागून पाठवा. वेळ ०.१ वर आला, त्याच पाच प्रक्रियांतून सेकंदाला ५० निघाल्या. प्रक्रिया दहा-पंधरा केल्या की काम झालं. मेमरी मोजून वाढवा; एका प्रक्रियेला ५० एमबी लागत असतील तर पंधरांना ७५० एमबी.

डेटाबेसच्या जोडण्यांनाही हेच सूत्र. पावतीमागे डेटाबेसमध्ये ५० मिलिसेकंद जात असतील तर ७० × ०.०५ = साडेतीन जोडण्या. दहाचा पूल (आधीच उघडून ठेवलेल्या जोडण्यांचा साठा) पुरेसा. पोस्टग्रेसची मूळ मर्यादा १०० आणि मायएसक्यूएलची १५१. तरी "टू मेनी कनेक्शन्स" आलं की लोक ती ५०० करतात. जोडण्या साठतायत याचा अर्थ आत कुठली तरी क्वेरी अडकलीय. दार रुंद करून आतली गर्दी वाढते.

दुसरं सूत्र वाट बघण्याचं. हंगामात कारखान्याच्या काट्यावर ट्रॅक्टरांची रांग बघितली असेल. काटा निम्मा वेळ मोकळा असतो तोवर गाडी आली की चढते. गाड्या थोड्याच वाढल्या, काटा जवळजवळ सतत भरलेला राहू लागला, की रांग रस्त्यापर्यंत जाते. गाड्या ठरावीक अंतराने येत नाहीत म्हणून हे होतं. एकाच कोअरसाठी अंदाज असा: प्रतिसादाचा वेळ = कामाचा वेळ ÷ (१ − वापर). २० मिलिसेकंदांच्या कामाला वापर ५० टक्के असताना ४० मिलिसेकंद, ८० ला १००, ९० ला २००, ९५ ला ४००. कोअर जास्त असतील तर वळण उशिरा येतं, पण येतं तेव्हा जास्त ताठ असतं.

आपल्या उदाहरणात सेकंदाला ७० × ०.०२ = १.४ कोअर. दोन कोअरवर ७० टक्के. "अजून ३० टक्के शिल्लक आहेत" असं म्हणून मालक आणखी १२ पतसंस्था घेतो. वेग ९१, वापर ९१ टक्के. काम ३० टक्क्यांनी वाढलं आणि वेळ, दोन कोअरच्या रांगेच्या सूत्राने, साधारण ३९ वरून ११६ मिलिसेकंदांवर, तिप्पट. चार कोअर असते तर वापर ४६ टक्के आणि वेळ २१ च्या आसपास. म्हणून लहान मशीनवर गर्दीच्या वेळचा वापर ६० टक्क्यांवर जाऊ देऊ नका असं मी सांगतो. दोन सर्व्हर एकमेकांना आधार म्हणून ठेवले असतील तर प्रत्येकी ५० च्या आत, नाहीतर एक पडला की दुसराही पडतो.

६. लोड टेस्ट

जेमीटरची खिडकी फक्त टेस्ट बांधायला वापरा. चालवताना कमांड लाइनवरून, खिडकीविना. आणि ज्या सर्व्हरची परीक्षा घ्यायची त्याच सर्व्हरवर जेमीटर चालवू नका. हे सांगायची गरज पडू नये, पण पडते.

खरा सापळा वेगळा आहे. साध्या मांडणीत प्रत्येक बनावट युजर उत्तर मिळेपर्यंत थांबतो आणि मगच पुढची विनंती पाठवतो. सर्व्हर मंदावला की युजरही आपोआप मंदावतात. खऱ्या आयुष्यात शटर उघडल्यावर एजंट तुमच्या सर्व्हरची दया येऊन थांबत नाहीत. शिवाय न पाठवलेल्या विनंत्या मोजमापातून गायब होतात आणि अहवाल देखणा दिसतो. गिल टेने या इंजिनिअरने हा दोष लोकांच्या नजरेस आणला. उपाय: येण्याचा वेग बांधून द्या. के-सिक्समध्ये "कॉन्स्टंट अरायव्हल रेट" हा प्रकार त्यासाठीच आहे.

डेटा पूर्ण आकाराचा हवा. शंभर खात्यांवर सगळ्या क्वेरी वेगवान असतात, कारण अख्खा डेटाबेस मेमरीत बसतो. सगळे बनावट एजंट एकाच खात्यावर पावती टाकत असतील तर उलट होतं: त्या एका ओळीच्या कुलुपापाशी सगळे अडकतात आणि तुम्ही नसलेला दोष शोधत बसता. खाती पसरवून घ्या. एसएमएस गेटवे मात्र खोटा लावा. टेस्टमुळे खऱ्या ठेवीदारांना "जमा" असे संदेश गेले तर सकाळी शाखेत काय होईल ते वेगळं सांगायला नको.

वेग पायऱ्यांनी वाढवा: २०, ४०, ७०, ९०, १२०. प्रत्येक पायरीवर दहा-पंधरा मिनिटं. पायरी पाचचं गणित आणि मोजलेला वेळ शेजारी शेजारी मांडा. जुळले तर गणितावर विश्वास ठेवून पुढचा अंदाज करता येतो. जुळले नाहीत तर खर्च मोजण्यात तरी चूक आहे किंवा तुम्हाला न दिसलेली एखादी रांग आहे.

७. रात्रीची कामं वेगळी धरा

व्याज आकारणी, दिवसअखेर, बॅकअप. ३ लाख खाती, प्रत्येकी १५ मिलिसेकंद, म्हणजे ४,५०० सेकंद, सव्वा तास. हे काम एकामागून एक चालत असेल तर कोअर वाढवून काडीचा फायदा नाही. ॲम्डालचा नियम (१९६७) हेच सांगतो: कामाचा १० टक्के भाग जरी एका वेळी एकच असा असेल, तरी कितीही कोअर लावा, वेग दहा पटींच्या वर जात नाही. खाती शाखानिहाय तोडून चालवता येतात का ते बघा. आणि मध्येच लाइट गेली, यूपीएस संपला, तर जिथे थांबलं तिथून पुढे सुरू होतं का, हे आधी तपासा.

८. भाड्याचं मशीन घेताना

ॲमेझॉनचं मुंबईचं केंद्र बहुतेकांना सोयीचं पडतं. फायबरमध्ये प्रकाशाला किलोमीटरला साधारण ५ मायक्रोसेकंद लागतात. ५०० किलोमीटर जाऊन येऊन ५ मिलिसेकंद, प्रत्यक्षात वळसे आणि राउटर धरून जास्त. ते पिंगने मोजा, आणि शाखेतल्या कनेक्शनवरून मोजा, ऑफिसच्या लीज लाइनवरून नको.

ॲमेझॉनची टी मालिकेची मशीनं स्वस्त असतात कारण पूर्ण सीपीयू सतत मिळत नाही. टी३ मीडियमला प्रत्येक व्हीसीपीयूमागे (व्हर्च्युअल सीपीयू) २० टक्के हा पाया. त्याहून कमी वापरलं की क्रेडिट साठतं, जास्त वापरलं की खर्च होतं. पिग्मीसारख्या, अर्धा तास गर्दी आणि दिवसभर निवांत अशा कामाला हे उलट चांगलं जमतं. मार्चअखेरच्या रात्रभर चालणाऱ्या कामाला जमत नाही: टी२ क्रेडिट संपल्यावर पायावर येऊन बसतं, टी३ मूळ मांडणीत चालत राहतं आणि जादा बिल लावतं. टेस्ट दहा मिनिटांत आटोपली तर यातलं काही दिसत नाही.

डिस्कही तशीच. जुन्या जीपी२ प्रकारात जीबीला ३ आयओपीएस (सेकंदाला होणारी वाचणं-लिहिणं), किमान १००. १०० जीबीच्या डिस्कला ३०० चा पाया, बाकी उधारीवर. जीपी३ मध्ये आकार कितीही असो, ३,००० पासून सुरुवात. जुन्या खात्यांत अजून जीपी२ पडलेल्या असतात. बदलायला मशीन बंद करावं लागत नाही. आणि इंटेलच्या बहुतेक मशीनवर एक व्हीसीपीयू म्हणजे कोअरच्या दोन थ्रेडपैकी एक, पूर्ण कोअर नाही. ऑफिसातल्या मशीनवर काढलेला २० मिलिसेकंदांचा आकडा तिथे पुन्हा मोजा.

९. कागद

अहवाल एका पानाचा करा. वर गिऱ्हाइकाचं एकक आणि आजची गर्दी: सेकंदाला ७० पावत्या. मग एका पावतीचा खर्च. मग गृहीतकं: पुढच्या वर्षी किती पतसंस्था, नव्या शाखा कुठे, एजंट किती, दिवाळी-मार्चला गर्दी रोजच्या किती पट. हे आकडे तुम्ही ठरवू नका, व्यवसाय बघणाऱ्याकडून घ्या आणि त्याच्या नावासकट लिहा. मागचे तीन महिने बघून पुढे सरळ रेष ओढू नका. नोव्हेंबर ते जानेवारीचा हंगाम बघून ओढलेली रेष जूनमध्ये हास्यास्पद दिसते. डिस्क भरत जाण्यासारख्या सावकाश वाढणाऱ्या गोष्टीला मात्र सरळ रेष चालते, प्रोमिथियसमध्ये त्यासाठी प्रेडिक्ट-लिनिअर हे फंक्शनच आहे.

शेवटी शिफारस, दोन पर्याय आणि किंमत. एक पर्याय नेहमी "मशीन तेच, एसएमएस रांगेत टाकणे आणि दोन इंडेक्स लावणे" असा ठेवा. तो बऱ्याचदा निवडला जातो.

सही घ्यायची ती गृहीतकांवर. २० जादा पतसंस्था आल्या आणि सर्व्हर अडखळला तर कुठला आकडा बदलला हे त्या कागदावर बोट ठेवून दाखवता येतं. कागदाची प्रत सपोर्टच्या माणसालाही द्या, कारण सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी शाखेचा पहिला फोन त्यालाच येतो.